आभाळातून आलेली सुंता

तळोज्यातल्या त्या सोसायटीत लिफ्टसमोर रांग लागली होती. चौथ्या मजल्यावर अहमदच्या घरी म्हणे चमत्कार झाला होता: त्याचा आठ दिवसांचा मुलगा हमझा सुंता होऊनच जन्माला आला होता. मुलांच्या डॉक्टर बतूलला दिवसभराच्या दवाखान्यानंतर पाचव्या मजल्यावरच्या आपल्या घरी जाऊन फक्त चहा प्यायचा होता. असला चमत्कार या वर्षातला तिसरा, आणि तिला त्याचा अगदी वीट आला होता. पण आत वस्तरा काढलाय असं कुणीतरी म्हणालं, म्हणून ती चौथ्यावरच उतरली.

तावीज देणारा तबरेजबाबा वस्तऱ्याची पेटी उघडून अत्तराच्या घमघमाटात बसला होता. "फरिश्त्यांनी केलेली सुंता! लाखात एक! वरची थोडी कातडी माझ्यासाठी ठेवलीय. तिचा तावीज करतो, घराला कसलंच टेन्शन नाय!"

"फरिश्ते काम अर्धं सोडून कधीपासून जायला लागले, बाबा?" बतूलने विचारलं.

"ईमानवाले सवाल करत नाहीत, बेटी."

तिने बाळाच्या आईकडे पाहिलं. "शायमा, शू करताना धार कुठून येते गं?"

"खालून. टोकाला नाय." शायमा म्हणाली. "मी पहिल्या दिवशीच बोलले, पन कोन ऐकतंय? सगळे मुबारकबाद देत व्हते."

बतूलने बाळाला तपासलं. "मूत्रद्वार टोकाऐवजी खालच्या बाजूला आहे. पोटात असतानाच मूत्रनळी पूर्ण जुळली नाही, म्हणून खाली कातडी कमी आणि वर टोपीसारखी जास्त. यालाच तुम्ही सुंता म्हणताय. ऑपरेशनने हे नीट होतं. पण नळी करायला सर्जनला हीच वरची कातडी लागते. ती आज कापली तर उद्या आणायची कुठून?"

"मंग सुंता?" अहमदने घाबरत विचारलं.

"बहुतेक त्याच ऑपरेशनमध्ये होऊन जाईल. सहा महिने थांबा."

आजी मेहरुन्निसा उठली. चमत्काराची बिर्याणी तिनेच चढवली होती. तिने वस्तऱ्याची पेटी बाबाच्या मांडीवर ठेवली. "जेवून जा. पोराला हात लावायचा नाय."

बाबा जेवायला थांबला नाही.

आठ दिवस सगळं गाव बघून गेलं आणि आईला एकानेही विचारलं नाही, याचा बतूलला फार राग आला. पण ओरडायचं त्राण नव्हतं. "मूल वेगळं दिसलं तर आधी डॉक्टरला दाखवा," ती दारातल्या लोकांना म्हणाली. "यात लाज नाही, शाप नाही आणि चमत्कारही नाही. उपचार आहे."

शायमाने हमझाला दुपट्यात गुंडाळलं. "आता बघायला कोनी येऊ नका," ती म्हणाली, आणि तिने स्वतः उठून दार लावून घेतलं.