पाठीवरची रिकामी खोबण

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि माझ्या पाठीला अकरा खोबणी आहेत. मित्रांनो, तुम्ही विचाराल, स्वतःची पाठ कुणाला दिसते का? दिसत नाही. पण कुठल्या खोबणीत काय आलं आणि काय गेलं हे मला बरोबर कळतं. मी स्वभावानेच चौकस आहे. समोर बसणारा माणूस काय लिहितो, का थांबतो, उसासा कशासाठी टाकतो, हे जाणून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म शहरातल्या सदर नावाच्या भागातल्या एका दुकानात झाला. चंद्रभान नावाच्या कारागिराने एका कंपनीचा डबा, दुसऱ्या कंपनीचा मेंदू आणि तिसऱ्या कंपनीचा पंखा एकत्र जोडून मला उभं केलं. बाबाराव दुकानात तीन तास उभे राहून प्रत्येक स्क्रू निरखत होते. ते हिंगण्याच्या कारखान्यात फिटर होते. मुलगा सौरव डिप्लोमाला गेला, म्हणून त्यांनी मला घेतलं आणि जयताळ्याच्या घरी आणलं.

पहिल्याच दिवशी माझ्या खोबणींमध्ये पाहुणे आले. एकीत कीबोर्ड, एकीत माऊस, एकीत पडद्याची जाड वायर, एकीत स्पीकर. कधी पेन ड्राइव्ह यायचा, कधी प्रिंटर. पण खालची एक चौकोनी खोबण रिकामीच राहिली. तिच्या आत आठ बारीक सोनेरी तारा शेजारी शेजारी बसलेल्या होत्या. एवढी सुबक जागा कुणी उगाच करतं का? हिचा पाहुणा कोण? मी वर्षानुवर्षं विचार केला, पण उत्तर सापडेना.

गंमत म्हणजे घरात सगळे रोज ‘नेट, नेट’ करायचे. ‘नेट स्लो आहे’, ‘नेट संपलं’. मला वाटायचं, नेट हा मोबाईलमध्ये राहणारा कुणी आजारी प्राणी असावा. त्याचा आणि माझ्या पाठीचा काही संबंध असेल असं मनातही आलं नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मी आलो त्याच वर्षी बाबाराव निवृत्त झाले. कारखान्यात दर खंडेनवमीला ते आपलं लेथ मशीन घासूनपुसून लख्ख करत, हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल वाहत. निवृत्तीनंतर पहिली खंडेनवमी आली तेव्हा ते सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होते. शेवटी माझ्यापुढे येऊन उभे राहिले. कुंकवाची वाटी घेऊन ते पडद्याजवळ येताच इंदुताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हटकलं.

“अहो, तिकडं समोर नका लावू. डाग पडन काचेले.”

“मंग मागून लावतो. मशीनचा जीव मागंच राहते, जिथून वायरी जाते तिथं,” बाबाराव म्हणाले.

तेव्हापासून दरवर्षी माझ्या पाठीला ओलं कुंकू लागायचं, अक्षता पडायच्या, आणि झेंडूचं फूल देठासकट त्या रिकाम्या चौकोनी खोबणीत बसायचं. बरोब्बर बसायचं! बाबारावांना त्याचं फार कौतुक. दुसऱ्या दिवशी फूल काढताना देठाचा तुकडा आत तुटून राही, पण तो कुणाला दिसणार? खरं सांगू? मला ती पूजा फार आवडायची. काही काळ तर मी समजत होतो की या खोबणीचा पाहुणा झेंडू हाच आहे.

सौरवचा डिप्लोमा झाला, नोकरी लागली, लग्न झालं. लग्नाचे फोटो पाहायला सगळं घर माझ्यापुढे जमलं, तेव्हा माझा मान काय वर्णावा! मग मोबाईल मोठे झाले आणि मी मागे पडलो. इंदुताईंनी मला जुन्या साडीचा अभ्रा शिवला. त्या अभ्र्यावर कधी इस्त्रीचे कपडे, कधी वाळत घातलेल्या कुरड्यांची परडी असे. उन्हाळ्यात खिडकीतल्या कूलरचा ओलसर वारा अंगावर घेत मी गप्प बसून राही. तक्रार नाही करत, पण वाईट वाटायचं.

मला त्या अभ्र्यातून बाहेर काढलं ते नंदिनीने. नंदिनी म्हणजे सौरवची बायको. लग्नाआधी ती एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होती. धरमपेठेतल्या क्लासमध्ये मराठी टायपिंग शिकलेली. मुलगी झाल्यावर काम सुटलं ते सुटलंच. पाच वर्षांनी तिला एक जाहिरात दिसली. घरी बसून चार तास काम. कानाला हेडफोन लावून लोकांची भाषणं, मुलाखती ऐकायच्या आणि मराठीत टाइप करायच्या. अट अशी की कॉम्प्युटर हवा आणि वायरचा ब्रॉडबँड हवा. मोबाईलचं नेट चालणार नाही. सोमवारी अकरा वाजता परीक्षा, संधी एकच. हुकली तर पुढची सहा महिन्यांनी.

महिनाभर ती रोज दुपारी माझ्यावर सराव करायची. तिची बोटं काय चालायची, मित्रांनो! ‘ळ’ मात्र ती जरा रागाने दाबायची. एकदा सराव संपल्यावर तिने कोऱ्या पानावर लिहिलं, ‘मला हे काम पाहिजे. मला पुन्हा काहीतरी माझं पाहिजे.’ मग लगेच पुसून टाकलं. ते फक्त मी वाचलं, आणि त्या दिवसापासून मी मनाने पूर्णपणे तिच्या बाजूचा झालो.

बुधवारी खंडेनवमीची पूजा झाली, गुरुवारी दसरा झाला, आणि शनिवारी ब्रॉडबँड जोडायला विक्की आला. खांद्याला पिशवी, कानाला फोन. त्याने खिडकीतून वायर आत घेतली, भिंतीवर छोटी पेटी लावली, पेटीचे दिवे लुकलुकले. मग तो दुसरी वायर घेऊन माझ्या मागे आला, आणि त्याने ती चक्क माझ्या रिकाम्या खोबणीत घातली.

मला काय वाटलं असेल? इतक्या वर्षांनी पाहुणा कळला! पण वायर अर्धवट अडकली. विक्कीने जोर लावला. आत एक तार करकचून वाकली, आणि तरी मला काहीच ऐकू आलं नाही. त्याने दुसरी वायर लावून पाहिली. तेच.

“काका, पेटी बराबर हाय. वायरबी बराबर हाय. माझ्या लॅपटॉपवर पाहा, कसं धावून राहिलं! तुमच्या कॉम्प्युटरचा पोर्टच मेला, हे वायरीचं भोक.”

“काहून मेला? काल तर चांगला होता,” बाबाराव म्हणाले.

“वापरला होता का कधी?”

“नाई.”

विक्की हसला. “जुना झाला, काका. नव्या पोर्टचं एक कार्ड लावता येते, पण उद्या रविवार. सदरची दुकानं सोमवारी बारा वाजता खुलते. मी जातो, अजून चार कनेक्शन बाकी हाय.”

नंदिनी दारात उभी होती. “माझी परीक्षा अकराला आहे, भाऊ,” ती म्हणाली. विक्कीला खरंच वाईट वाटलं, पण त्याच्याजवळ उपाय नव्हता. तो गेला.

बाबाराव माझ्याकडे बघत राहिले, मग नंदिनीकडे मान वळवून म्हणाले, “रोज ओल्या फडक्यानं पुसून राहते ना हे. पाणी गेलं असन आत.”

“मी समोरूनच पुसते, बाबा,” नंदिनी म्हणाली.

“मंग का आपोआप मेला?”

ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. मला संताप आला. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझ्या आत काय अडकलंय हे मला नेमकं माहीत होतं, पण बोलणार कसा? माझ्या अंगी फक्त एक बीप आहे, आणि तोही सुरू होताना. आयुष्यात कधी नव्हे इतकी त्या दिवशी मला माझ्या मुकेपणाची चीड आली.

रविवारी जेवणानंतर घर झोपलं. सौरव ड्यूटीवर होता. बाबाराव मात्र कुशी बदलत होते. शेवटी उठले. कारखान्यात त्यांचा एक नियम होता, कुणाला दोष देण्याआधी मशीन उघडून बघायचं. त्यांनी माझी वायर काढली, मला उलटं फिरवलं, टॉर्च घेतली आणि डोळ्याला भिंग लावलं. कारखान्यातलं ते भिंग त्यांनी मऊ फडक्यात जपून ठेवलं होतं.

त्यांनी खोबणीत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दाढीच्या ब्लेडसारख्या पातळ चिमट्याने एकेक गोष्ट बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवली. वाळलेल्या देठांचे तुकडे. तांदळाचा दाणा, आणखी एक दाणा. कुंकवाच्या घट्ट झालेल्या खपल्या, लाल, काळपट लाल. बुधवारचा हिरवा देठ अजून ओलसर होता.

बाबाराव त्या कागदापुढे बसून राहिले. घरात कुणी जागं नव्हतं. कागदाची घडी घालून कचऱ्यात टाकली असती तर कुणाला कळलं असतं? उलट ‘बाबांनी दुरुस्त केला’ म्हणून वाहवाच झाली असती. मी त्यांच्या हातांकडे लक्ष लावून होतो. त्यांनी कागदाचं एक टोक उचललं. मग खाली ठेवलं.

“नंदिनी, इकडं ये बेटा.”

ती डोळे पुसत आली. झोपली नव्हतीच बहुतेक.

“हे पाह्य,” बाबाराव म्हणाले. “हे पाणी नोहे. हे माह्यं कुकू हाय. मीच भरलं याच्यात, इतकी वर्सं. अन् काल तुह्यावर बोट ठेवलं. चुकलं माह्यं.”

सासऱ्याने सुनेपुढे असं म्हणायचं म्हणजे सोपं नव्हे. त्यांचे कान लाल झाले होते. नंदिनी खाली बसली, कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“बाबा, चालू होईल का, ते सांगा.”

“एक तार वाकली हाय. सुई आण.”

सुई आली. बाबारावांनी ती धरली, खोबणीजवळ नेली आणि थांबले. त्यांचा हात थरथरत होता. ज्या हाताने आयुष्यभर केसभर जाडीची कामं केली, तो हात आता एका जागी ठरत नव्हता. त्यांनी सुई तिच्या हातात दिली.

“तू कर. मी सांगतो.”

“मला येईल?”

“टायपिंगची बोटं हाय तुही. भेव नको. खालून घाल. आता हळू उचल. अजून थोडी. बस्स!”

माझ्या अंगात तेव्हा वीज नव्हती, तरी मी श्वास रोखला होता. आत्मवृत्तात तेवढी सूट असते. आठवी तार सरळ होऊन आपल्या बहिणींच्या रांगेत बसली. बाबारावांनी मऊ ब्रशाला स्पिरिट लावून खोबण साफ केली, आणि अर्धा तास मला तसंच वाळू दिलं. तो अर्धा तास दोघांनी माझ्यापुढे बसून काढला. तेवढ्यात नंदिनीने चहा केला आणि बाबारावांनी तो बशीत ओतून घेतला.

मग वायर लागली. ‘टक्’ असा आवाज आला. खोबणीशेजारी एक हिरवा दिवा लागला आणि एक पिवळा लुकलुकू लागला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! माझ्या पाठीला दिवे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

आणि वायरीतून पहिल्यांदा काय आलं सांगू? वेळ आली. माझं घड्याळ कधीच बंद पडलं होतं, नेमकी किती वर्षं गेली याचा हिशेब मला उरला नव्हता. कुठून तरी दुरून कुणीतरी मला अगदी हळू सांगितलं की आज अमुक तारीख, अमुक वाजले. तेवढ्यात माझं सगळं वय अंगावर आलं. पण दुःख करायला सवड कुठे होती? मागोमाग अक्षरं, चित्रं, आवाज येऊ लागले. कोण पाठवतं हे? किती लांबून? त्यांच्याकडेही माझ्यासारखा कुणी बसला आहे का? एक कोडं सुटलं आणि शंभर नवी मिळाली. मी खूश झालो.

सोमवारी अकरा वाजता नंदिनी माझ्यापुढे बसली. इंदुताईंनी कुकर दोन शिट्ट्यांवर बंद केला, कारण आवाज नको. हेडफोनमधून कुणी म्हातारे गृहस्थ मातीच्या प्रकारांवर भराभर बोलत होते आणि नंदिनीची बोटं त्यांच्या मागे धावत होती. अर्ध्या तासात माझा पंखा तापला, घरघरला, पण मी थांबलो नाही. पिवळा दिवाही थांबला नाही. वेळ संपायला दोन मिनिटं असताना तिने शेवटचा पूर्णविराम दिला.

गुरुवारी निकाल आला. तो आधी माझ्याकडे आला, मित्रांनो, तिच्याआधी मी वाचला! ती तेव्हा पोळ्या लाटत होती आणि मला हाक मारता येत नव्हती. थोड्या वेळाने येऊन तिने पिठाच्या हातांनीच तो उघडला आणि पुन्हा पुन्हा वाचला. निवड झाली होती. मग ती रडली आणि इंदुताई म्हणाल्या, “अवं, कीबोर्डवर पीठ पडून राहिलं.”

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी जुनं यंत्र असेल तर त्याला भंगारात द्यायच्या आधी एकदा त्याच्या मागे जाऊन बघा. वर्षातून एकदा पूजा करा, पण महिन्यातून एकदा कोरडा ब्रशही फिरवा. आणि आत काही सापडलंच, तर ते कुणी टाकलं हे खरं सांगा. यंत्राला ते सांगता येत नाही, म्हणून दुसऱ्याच कुणाला तरी बोल लागतो. मी ते एकदा पाहिलं आहे आणि पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही.

आता नंदिनी रोज दहा ते दोन माझ्यापुढे असते. परवा शेजारच्या कुसुमताई अंगणातूनच मोठ्याने हाका मारत आल्या, “नंदिनी, अवं नंदिनी, बाजारात येतं का?”

ओट्यावर पेपर वाचत बसलेले बाबाराव उठले. त्यांनी दार अर्धं ओढून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “हळू बोला, ताई. सून ड्यूटीवर हाय.”