रजेचा फॉर्म नापास होतो

रांजणगावच्या एका कारखान्यात २००३ साली इंट्रानेट, म्हणजे कंपनीची आतल्या आत चालणारी वेबसाइट, सुरू व्हायची होती. तिच्यातला रजेचा फॉर्म यवतच्या तेजश्रीने बनवला होता. एचआरचे रविराज साहेब म्हणाले, "कामगारांना हे जमायचं नाही. कॉम्प्युटर माझ्या केबिनमध्येच बरा." तेजश्रीने हट्टाने एक दिवस मागून घेतला. कॅन्टीनमध्ये बारा कामगार फॉर्म भरतील. जमलं तर कॉम्प्युटर तिथेच राहील, नाही तर तिची तीन महिन्यांची मेहनत पाण्यात.

भरणाऱ्याला काही सांगायचं नाही, हा नियम तिचाच. तो इतका छळेल हे तिला ठाऊक नव्हतं.

प्रेस मशीनवरचे शंकरराव आधी बसले. माउस सुटून पळेल अशा भीतीने त्यांनी तो धरला आणि 'नाव' या पहिल्या रकान्यात यादीतून निवडलं ते कोंडिबाचं! तेजश्रीने ओठ चावला. त्यांच्यानंतर पॅकिंगच्या प्रतिभाताईंनी सुरेखाचं निवडलं. बाराच्या बारा जणांनी दुसऱ्याचंच नाव टाकलं.

"बघा, स्वतःचं नावसुद्धा निवडता येत नाही," साहेब खुशीत म्हणाले.

तेजश्री तडक शंकररावांकडे गेली. "मामा, रजा तुम्हाला हवी, मग नाव कोंडिबाचं का?"

"आता गं! मी तर न्हाईच येणार, माझं नाव कशापायी? सुपरवायझर पहिलं इचारतो, 'तुझ्या जागी कोण?' त्ये सांगितल्याबिगर रजेचं नावच काढता येत न्हाई. आमी आधी बदली माणूस ठरवतो, मग रजा मागतो."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेजश्रीला स्वतःचीच लाज वाटली. तीन महिन्यांत ती एकदाही प्रेसकडे फिरकली नव्हती.

"सर, नापास फॉर्म झालाय, माणसं नाही," ती म्हणाली आणि तिथेच बसून तिने फॉर्म बदलला. पहिला प्रश्न, 'तुमच्या जागी कोण येणार?' मग, 'रजा कोणाला हवी?' चहाच्या वेळेपर्यंत बाराही जणांनी तो बिनचूक भरला.

"बघू तरी," म्हणत साहेब स्वतः बसले आणि पहिल्याच प्रश्नाला अडले. त्यांच्या जागी येणारं कोणीच नव्हतं. नाव टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. त्यांनी तेजश्रीकडे पाहिलं. भरणाऱ्याला काही सांगायचं नाही! आता मात्र तिला तो नियम फार आवडला.

"कुणीच न्हाई व्हय, सायेब?" शंकरराव मागून म्हणाले. "मग घाला माझं. त्या दिशी समद्यांच्या रजा मंजूर!"

कॅन्टीन खदाखदा हसलं. साहेबही हसले. त्यांनी खरंच शंकररावांचं नाव निवडलं, तारीख टाकली आणि बटण दाबलं.

"कॉम्प्युटर इथंच राहू द्या," ते उठत म्हणाले. "आणि तेजश्री, हा अर्ज चाचणीचा धरू नका. चार वर्षांत मी एकही रजा घेतलेली नाही."