मधल्या हारानंतर

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. कपड्यांची नव्हे, सुरांची. बुधवार पेठेतल्या एका कारागिराने मला घडवले. तेव्हापासून मी अर्धवट झोपेतच असते. कोणी भाता हलवला, की स्वप्नात बोलावे तशी बोलते.

कोथरूडच्या मारुती मंदिरात बापूराव बुवांच्या कीर्तनात चैताली मला वाजवायची. तिचे वडील आप्पासाहेब कीर्तनाला न चुकता येत. पूर्वरंगातले निरूपण ते डोळे मिटून ऐकत. मग मध्यंतरात बुवांना बुक्का लागे, हार पडे, आणि आप्पासाहेब चपला शोधू लागत. "सार कळलं. आता गोष्टीत वेळ कशाला घालवायचा?" पुढचे आख्यान त्यांनी कधी ऐकलेच नाही.

ते एकोणीसशे नव्व्याण्णव साल. ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर. बारावीला चैतालीला छान गुण पडले. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची जागा मिळत होती ती दूरच्या, कडक शिस्तीच्या कॉलेजात. पुण्यातल्या कॉलेजात गाण्याचे मंडळ होते, पण शाखा दुसरी. तिला कॉम्प्युटर हवा होता आणि मीही.

"चार वर्षं फक्त अभ्यास," आप्पासाहेब म्हणाले. "पेटी देवळाला देऊन टाकू."

प्रवेशाच्या आदल्या संध्याकाळी कीर्तन होते. हार पडला, आप्पासाहेब उठले. बुवा तिथूनच म्हणाले, "आप्पासाहेब, वीस वर्षं अर्धंच कीर्तन घरी नेताय! आज बसा. लेकीची बोटं तरी बघा."

मंडळी हसली. आप्पासाहेब ओशाळून खाली बसले.

आख्यान गोपाळकाल्याचे होते. गाईंवर लक्ष ठेवूनच गोपाळ खेळत होते, आणि देव त्यांच्या शिदोऱ्या कालवत होता. चैताली वाजवत होती, मी यमुनेकाठी तरंगत होते. आप्पासाहेबांनी उपरण्याने डोळे पुसले, एवढे मात्र मी पाहिले.

दुसऱ्या दिवशीचे मला चैतालीने वाजवता वाजवता सांगितले. प्रवेशाच्या सभागृहात तिचे नाव पुकारल्यावर आप्पासाहेबांनीच टेबलापलीकडच्या गृहस्थांना विचारले, "तिथल्या वसतिगृहात पेटी ठेवता येते का हो?"

"अहो, मागे दोनशे जण बसलेत. एकानंही पेटी आणलेली नाही. शाखा बोला."

आप्पासाहेब लेकीकडे वळले. "तूच सांग, बाळ."

"कॉम्प्युटर. ते दूरचंच कॉलेज. पण पेटी माझ्याबरोबर येणार."

"येणार. मी आणून देतो."

एसटीत मी त्यांच्या मांडीवर बसून गेले! वसतिगृहात आठवडाभर पुस्तके, रविवारी संध्याकाळी मी. मुली अभंग म्हणत, सिनेमातलीही गाणी म्हणत. मला दोन्ही गोड.

मग चैतालीला हडपसरची नोकरी लागली. दोन वर्षे मी कपाटावर पडून राहिले. भाता कडक झाला, दोन सूर मुके झाले. मित्रांनो, वाद्य वापराने झिजते त्याहून जास्त न वापरल्याने आजारी पडते. तुमच्या घरी माझी कोणी बहीण असेल, तर आठवड्यातून एकदा तरी तिला श्वास घेऊ द्या.

मला आप्पासाहेबांनीच दुरुस्त करून आणले. आता ते थकलेत, पण रविवारी माझ्यासमोर सतरंजी तेच घालतात. चैताली एक अभंग वाजवते आणि ऑफिसच्या फोनकडे हात नेते.

तेव्हा ते हळूच म्हणतात, "बस गं जरा. हार आत्ता कुठे पडलाय."