नर्सबाई टिप द्यायच्या थांबेनात

आमची धाकटी मुलगी घरी बसून इंटरनेटवर फोटो दुरुस्त करून देते. कुठल्या तरी गावच्या कुणाचा तरी जुना, घडी पडलेला, डागाळलेला फोटो येतो. धाकटी घडी घालवते, डाग पुसते आणि फोटो परत पाठवते. काम आवडलं की माणूस ठरलेल्या पैशांवर खुशीनं थोडे वर देतो. त्याला टिप म्हणतात. इथपर्यंत सगळं सरळ आहे. माझ्या शिकवणीला येणाऱ्या पहिलीतल्या पोरांनाही हे समजलं.

घोडं पुढं अडलं. ज्या वेबसाइटवर ती कामं घेते, तिथं नव्या माणसाला एका वेळी एकच काम घेता येतं. आणि टिप आली की संपलेलं काम पुन्हा 'चालू' दिसायला लागतं. का, तर दोघांना एकमेकांचे आभार नीट मानता यावेत. टिप परत करायचं बटण तिथं नाही. असं बटण कुणाला लागेल, हे ती वेबसाइट बनवणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं. त्यानं आमचं घर पाहिलेलं नाही.

आमच्या घरात फुकटचं घ्यायची सवय नाही. शेजारणीची वाटी आली, तर ती घासून, पुसून, आत काहीतरी घालूनच परत जाते. एकदा घरात काहीच नव्हतं, तर धाकटीच्या आईनं वाटीत चार सेफ्टी पिना घालून पाठवल्या होत्या. शेजारीण अजून विचारते, त्या कशाबद्दल होत्या.

तर धाकटीकडे एका निवृत्त नर्सबाईंचा फोटो आला. तरुण नर्सबाई आणि त्यांची मोठी बहीण बाकाशेजारी उभ्या, मधोमध घडी, बहिणीच्या गालावर डाग. धाकटीनं तासाभरात फोटो नवा करून दिला. नर्सबाईंनी पैसे दिले आणि वर टिप दिली.

"अगं बाई, टिप!" धाकटी म्हणाली. तिनं लगेच त्याबद्दल मागचा विजेचा खांब काढून टाकला.

खांब गेलेला पाहून नर्सबाई खूश. आणखी टिप. मग धाकटीनं दोघींचे बूट चमकवले. टिप. झाडाला पानं कमी होती, ती एकेक करून वाढवली. टिप. फोटोच्या कडेला अर्धाच कुत्रा आला होता, त्याला मागचा अर्धा भाग जोडून दिला. नर्सबाईंनी लिहिलं, 'शेपटी बघून डोळ्यांत पाणी आलं.' आणि मोठी टिप.

धाकटीच्या नाकी नऊ आले. मागं एक रिकामं दुकान होतं, त्यात तिनं दुकानदार उभा केला. नर्सबाईंनी विचारलं, 'हा कोण गं?' धाकटीनं कळवलं, 'माझ्याकडून.' नर्सबाईंनी दुकानदारासाठी वेगळी टिप पाठवली. तो एकटाच दिसतो म्हणून धाकटीनं त्याला बायको दिली. नर्सबाईंनी त्यांच्या संसाराला हातभार लावला.

हे सगळं गमतीचं वाटेल, पण धाकटी कोंडीत सापडली होती. एका शाळेनं तिला सगळ्या वर्गांच्या फोटोंचा अल्बम करायचं काम देऊ केलं होतं. तिचं पहिलं मोठं काम. मुख्याध्यापिका शनिवारपर्यंत थांबायला तयार होत्या, पण नर्सबाईंचं काम 'चालू' असेपर्यंत धाकटीला ते घेता येईना. आणि घरात आधीच ठरलं होतं, या महिन्यात मोठं काम आलं नाही, तर मामाच्या फरशीच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. मामा रोज फोन करून विचारायचा, "खुर्ची पुसून ठेवू का?"

"तू उत्तरच देऊ नकोस," मी म्हटलं.

तिनं जीव मुठीत धरून एक दिवस काही पाठवलं नाही. संध्याकाळी टिप आली. 'मागची कमी पडली वाटतं. रागावू नकोस.'

"वाईट काम करून दे," तिची आई म्हणाली. "आपोआप थांबतील."

धाकटीनं डोळे मिटून नर्सबाईंच्या बहिणीला मिशी काढली. चांगली भरघोस. पाठवली आणि पांघरुणात तोंड घातलं. उत्तर आलं, 'तू बरोबर ओळखलंस. ताई घरात वडिलांच्या जागी होती. तिला बघून भाऊसुद्धा उठून उभे राहायचे.' आणि आजवरची सगळ्यात मोठी टिप.

मी हात टेकले. "बाळ, आता एकच उरलं. देणाऱ्याचं मन मोडल्याशिवाय तो द्यायचा थांबत नाही. तुला भांडावं लागेल."

"बाबा, मला भांडता येत नाही."

खरं होतं. रिक्षावाल्यानं जादा पैसे मागितले तर ती त्याला पाणी विचारते. पण न येणारी गोष्ट शिकवण्यातच माझा जन्म गेला. मी तिला पोरांच्या सतरंजीवर बसवलं. अक्षरं शिकवताना आधी उभी रेघ घेतो आपण, तसं भांडणातही सोप्यापासून सुरू करायचं.

"पहिला धडा. 'कृपया' म्हणायचं नाही. बोल काहीतरी."

धाकटीनं घसा साफ केला. "तुम्ही ना... तुम्ही जरा जास्तच चांगल्या आहात!"

पोरं हसली. दुसरीतली एक कडक पोरगी आहे, तिला सगळे टाचणी म्हणतात. ती म्हणाली, "ताई, हे कौतुक झालं."

"मग काय म्हणू?"

"तोंड फिरवायचं आणि कट्टी म्हणायचं."

"पण कारण काय सांगू?"

"कारण सांगायचंच नाही," टाचणी म्हणाली. "कारण सांगितलं की समोरचा समजून घेतो. मग सगळं वाया."

चाळीस वर्षं शिकवतोय, पण हे मी एवढ्या कमी शब्दांत कधी सांगू शकलो नसतो. धाकटीनं सराव केला. आधी उशीशी, मग आरशाशी, मग आईशी. आईशी सराव करताना आईच जास्त बोलली, त्यात माझ्याही दोन-तीन जुन्या गोष्टी निघाल्या, तेव्हा तो धडा आम्ही लवकर आवरला.

शुक्रवारी दुपारी तिनं नर्सबाईंना व्हिडिओ कॉल लावला. मी आणि तिची आई दाराच्या पडद्यामागे उभे. पोरं सतरंजीवर चिडीचूप.

फोनच्या पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, गोल चेहऱ्याच्या बाई दिसल्या. मागच्या भिंतीवर धाकटीनं केलेला फोटो लावलेला. कुत्रा, दुकानदार, मिशी, सगळे होते.

"अगं, एवढीशी आहेस होय तू!" नर्सबाई म्हणाल्या. "किती वाळलीस! जेवतेस का वेळेवर?"

धाकटीचा चेहरा पाघळायला लागला. मी पडद्यामागून खोकलो. टाचणीनं कंबरेवर हात ठेवले.

"कट्टी," धाकटी म्हणाली.

"काय?"

"तुमच्याशी कट्टी."

"अगं पण मी काय केलं?"

"सांगणार नाही." आणि तिनं तोंड फिरवलं. फिरवलेल्या तोंडावरून पाणी वाहत होतं, पण ते फक्त आम्हाला दिसत होतं.

नर्सबाईंचा हात मोबाइलकडे गेला. आम्ही श्वास रोखले, टिप येतेय की काय! मग त्यांचा हात मागे आला.

"बरं तर," त्या म्हणाल्या. "मग माझीही कट्टी. कायमची." आणि फोन कट.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. टिप आली नाही, काम बंद झालं. नर्सबाईंनी एकच तारा दिला, पाचापैकी एक, आणि खाली लिहिलं, 'फोटो सुंदर आहे. पण कट्टी.'

"जिंकलीस आणि रडतेस काय?" तिची आई म्हणाली, आणि स्वतःच पदर डोळ्यांना लावून आत गेली.

पण शनिवारी सकाळी मुख्याध्यापिकांचा फोन आला. आवाज कोरडा. "तुमच्या नावापुढं एकच तारा दिसतोय. पालकांना काय सांगू मी? काय झालं?"

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मी 'सांगून टाक' अशी मान हलवली. खोटं कसं बोलायचं, तो धडा आम्ही घेतला नव्हता.

"मी त्या बाईंशी भांडले," ती म्हणाली.

"का? पैसे दिले नाहीत?"

"दिले. मग टिप दिली. मग देतच राहिल्या. मी कुत्रा पूर्ण केला तरी थांबेनात. शेवटी कट्टी करावी लागली."

मामाची खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर आली.

"हे बघा," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. आमच्याकडे तुम्हाला टिप मिळणार नाही. कुणी आभार मानणार नाही. मुलांच्या फोटोत चुका काढायला पालक मात्र रोज फोन करतील. आमची शाळा आहे, इथं पगारसुद्धा पुढच्या महिन्यात होतो. चालेल?"

धाकटीनं फोन दोन्ही हातांत धरला.

"बाई," ती म्हणाली, "हे ऐकून किती बरं वाटलं, सांगू."