टाचेचे दोन ठोके

मी एक फळी बोलतेय. जरा सावकाश ऐका, लाकडाला घाई जमत नाही. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद. दोन्ही कडांना बोटभर उंचीच्या पट्ट्या, अंगावर जुन्या टायरचे तुकडे ठोकलेले आणि एका टोकाला दोराची मूठ. शोभेची मी कधीच नव्हते.

जन्माने मी टेबल. एका शिंप्याच्या दुकानात माझ्यावर कापड बेतायचे. खडूच्या रेघा गेल्या, कात्रीचे ओरखडे राहिले. शिंपी थकला, दुकान बंद झालं आणि मी एका सुताराकडे येऊन भिंतीला टेकून राहिले.

सुताराचं मन बाभळीवर, असं म्हणतात. पण या सुताराचं मन त्या दिवसांत लाकडात नव्हतंच. त्याची धाकटी लेक चार वर्षांची असताना तापाने पडली, आणि ताप गेला तो पायांतली ताकद घेऊन गेला. घरात तिला बारकी म्हणायचे. बारकी आता सात वर्षांची झाली होती. तिला चाकांची खुर्ची आली होती आणि शाळेला तीन पायऱ्या होत्या.

पहिली फळी त्याने आखूड केली. खुर्ची उलटली, बारकीच्या कपाळाला खोक पडली. त्याची बायको रागावली नाही. जखम धुता धुता एवढंच म्हणाली, "अहो, लांब लाकूड घ्या."

म्हणून मी.

रोज सकाळी सुतार मला पायऱ्यांवर टेकवायचा. मग माझ्यावर टाचेने दोन ठोके द्यायचा. मी हलत नाही ना, हे पाहायला. आणि म्हणायचा, "चल."

वर पोचली की बारकी म्हणायची, "चढले, बाबा."

चढले म्हणायची खरी, पण माझ्यावरून ती एकटी कधीच चढली नाही. तीन पायऱ्यांना माझी लांबी अपुरी, म्हणून मी फार उभी पडायचे. मागून बापाचा हात लागायचाच. हात सुटला की खुर्ची मागे. त्यामुळे शाळा सुटेपर्यंत तो तिथेच, भिंतीच्या सावलीत, मला मांडीशी धरून बसायचा. गिऱ्हाईक शोधत यायचं.

"अहो, माझ्या दाराचं काय झालं?"

"शाळा सुटली की करतो."

"शाळेत तुम्ही जाता की मुलगी?"

"दोघं जातो," सुतार म्हणायचा.

वर्षं गेली. बारकी मोठी झाली, पण बारकीच राहिली. कायद्याच्या कॉलेजला आठ पायऱ्या, मधे एक चौथरा. चार चढायच्या, मला उचलायचं, पुन्हा चार. वर्गाच्या खिडकीखाली बसून सुताराच्या कानावर पाच वर्षं कायदा पडला. शिक्षण त्याचं चौथी. तरी शेजाऱ्यांच्या भांडणात तो हळूच एखादं कलम सांगून जायचा. बारकी हसायची. "बाबा परीक्षेला बसले तर माझ्याआधी पास होतील."

शेवटच्या वर्षी तिला एक पत्र आलं. कायदा शिकणाऱ्या अपंग विद्यार्थ्यांची दोन दिवसांची परिषद होती, दुसऱ्या शहरात. मोठे वकील येणार होते, मोठी ऑफिसं येणार होती. दुसऱ्या दिवशी मुलाखती आणि त्यातून नोकऱ्या. एका ऑफिसवर बारकीचा जीव जडला होता. तिला हवं होतं तेच काम तिथे चालायचं. पण दारात चार पायऱ्या होत्या, हे तिने आधीच कुणाकडून तरी विचारून घेतलं होतं.

पत्रासोबत एक कागद होता. 'तुम्हाला काय काय लागेल ते लिहा.' बारकीने लिहिलं, 'काही नको. बाबा आहेत.'

ते वाचून सुताराची छाती फुगली. मला मात्र धास्ती वाटली. कारण गेल्या वर्षभरात मला उचलताना त्याचा उजवा खांदा कसा थरथरायचा, ते फक्त मला ठाऊक होतं. घरी त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

बसच्या टपावर बांधून मला नेलं. कंडक्टरने विचारलं, "ही कसली फळी?"

"मुलीची आहे," सुतार म्हणाला. त्याला वाटलं, यात सगळं आलं.

सभागृहापाशी पोचलो. सुतार मला खांद्यावर घेऊन पायरी शोधू लागला. पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं. पायरीच नव्हती. लांबलचक, अगदी मंद उतार होता, दोन्ही बाजूंना कठडा. सुतार अजून पाहतच होता, तोवर बारकी चाकं फिरवत एकटी वर गेली. ढकलायला पुढे केलेला त्याचा हात तसाच हवेत राहिला. वरून तिने सवयीने "चढले, बाबा" म्हटलं आणि मग स्वतःच थबकली.

आत मी कधी पाहिलं नव्हतं असं जग. शंभरेक मुलं. कुणी खुर्चीत, कुणी पांढरी काठी घेऊन. काही मुलं हातांनी बोलत होती आणि टाळ्या वाजवायच्या ऐवजी सगळे हात वर करून हलवत होते. सुताराला काही सुचेना. हाताला काम नाही म्हणजे त्याला ताप चढल्यासारखं व्हायचं. शेवटी आतल्या दाराशी त्याला उंबरठ्याची बोटभर उंच पट्टी सापडली. त्याचा चेहरा उजळला. त्याने मला त्या पट्टीवर आडवी टाकली आणि टाचेने दोन ठोके दिले.

तेवढ्यात पलीकडून एक उंच मुलगा भराभर चालत आला. त्याला दिसत नव्हतं. सकाळपासून चारदा गेला असल्याने ती वाट त्याला पाठ झाली होती. त्या वाटेत मी नव्हते. माझ्या कडेच्या पट्टीत पाय अडकून तो धाडकन आडवा झाला.

सुतार धावला. "लागलं का रे पोरा? माझी चूक झाली."

मुलाने गुडघा चोळत मला हाताने चाचपलं. "काका, हे काय आहे?"

"फळी. अडथळा नको म्हणून टाकली होती."

"तुमचा गेला, माझा आला," मुलगा हसत म्हणाला. "विचारायचं तरी."

सुतार हसला नाही. त्याने मला उचललं, आणि या वेळी खांद्याने दगा दिला. मी हातातून सुटले. बारकीने ते पाहिलं.

कुबड्यांवर चालणाऱ्या एक वकीलबाई तिथे आल्या होत्या. परिषद त्यांनीच भरवली होती. त्या बारकीला म्हणाल्या, "'काही नको' लिहिणारी तूच ना? सगळ्यांत एकच कागद असा आला."

"बाबा असतात ना बरोबर."

"नोकरीलाही येणार?"

"मी येईन की," सुतार म्हणाला. "मला काय झालंय?"

बाई त्याच्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही याल हो. पण पायरी कुणाची असते, काका? ज्याची पायरी, उतार त्याने करायचा."

बारकी बापाच्या उजव्या खांद्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी, सभागृहाच्याच एका खोलीत, त्या ऑफिसची मुलाखत. दार उघडंच होतं, सुतार मला घेऊन बाहेर उभा. कायद्याचे प्रश्न झाले. बारकी चांगली बोलली. मग आतून आवाज आला, "आमच्याकडे चार पायऱ्या आहेत. तुमचं कसं जमणार?"

घरी तिने आरशासमोर घोकलेलं उत्तर मला पाठ होतं. 'माझे बाबा फळी घेऊन येतील, तुम्हाला काही त्रास होणार नाही.' सुतारानेही ते ऐकलं होतं. नकळत त्याने मला जमिनीवरून बोटभर उचललं. हाक आली की आत जायचं, दाखवायचं.

आत खुर्चीची चाकं जरा पुढे सरकली.

"पायऱ्या तुमच्या आहेत," बारकी म्हणाली. "उतार तुम्हाला करावा लागेल. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे मी एकटी चढेन. तशी विनंती मी लेखी देते. बाकी, मला कामाचं अजून काही विचारा."

सुताराने मला हळूच खाली ठेवलं. मग आडवी केली आणि माझ्यावर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्या ऑफिसने तिला घेतलं नाही. पत्रात पायऱ्यांचा शब्दही नव्हता. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. "बाबा फळी आणतील म्हणाली असतीस, तर," सुतार एकदा बोलला आणि थांबला. मग म्हणाला, "नाही. बरं केलंस."

नोकरी लागायला पुढे आठ महिने गेले. ऑफिस लहान होतं. पण तिने मागितलेला उतार तिच्या पहिल्या दिवसाआधी तयार होता. त्या सकाळी सुतार मला खांद्यावर घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला, तिला न सांगता. ती एकटी वर गेली. दाराशी पोचल्यावर तिचे ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण काय म्हणाली ते आम्हा दोघांना कळलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं सुताराच्या स्वतःच्या घराला इतकी वर्षं फूटभर उंच एक पायरी होतीच. त्या आठवड्यात त्याने ती फोडली आणि बारा फुटांचा उतार बांधला. मग मला चार पाय लावले आणि अंगणात ठेवलं.

आता मी बाक आहे. टायरचे तुकडे काढलेत, खिळ्यांची भोकं तेवढी राहिलीत. तुम्ही कधी दार बांधायला काढलंत, तर या दारातून कोण कोण येणार आहे ते आधी त्यांनाच विचारा. एका फळीचं एवढंच मागणं.

मला एकच चुकल्यासारखं वाटतं. तिच्या चाकांचं ओझं अंगावर घेत होते तेव्हा मी जड नव्हते. आता रिकामी असते तेव्हा जड वाटते.

पण संध्याकाळी म्हातारा माझ्यावर येऊन बसतो. कोपऱ्यावर तिच्या चाकांचा आवाज आला की त्याची टाच आपोआप उचलली जाते आणि माझ्या पायावर दोन ठोके पडतात. "चल," तो पुटपुटतो. जागचा उठत नाही.

थोड्या वेळाने उताराच्या वरच्या टोकाकडून आवाज येतो.

"चढले, बाबा."