कणगीची मागची बाजू

आईची तेरवी उद्यावर आली होती. पुलगावजवळच्या आमच्या घरी मागच्या खोलीत तिची धान्याची कणगी उभी होती. बांबूची, माझ्या खांद्याएवढी उंच, शेणामातीनं लिंपलेली. आई डावखुरी होती. तिच्या बोटांचे फराटे उजवीकडून डावीकडे चढत गेलेले होते. मला ते मोजून जपून ठेवायचे होते.

वळलेल्या पृष्ठभागांवरच्या खुणा गणितानं वेगळ्या करणं हे माझं काम. त्यासाठी आम्ही तरंगिका वापरतो. तरंगिका म्हणजे एका जागी उठून तिथेच विरणारी छोटी लाट. सपाट कागदासाठी घडवलेली लाट कणगीच्या पोटावर ताणली जाते आणि खोटं सांगते. म्हणून ती कणगीच्याच गोलाईवर घडवावी लागते. मग रुंद लाटांत कणगीचा आकार उतरतो, बारीक लाटांत बोटं.

काल ढगाळ होतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याला उजेड पुरेना, म्हणून मी मोजमाप आजवर ढकललं.

सकाळी खोलीत गेले तर ओल्या शेणाचा वास. आईची जाऊ, देवकाकाकू, बादलीत हात धूत होती.

"काकू, कणगी काऊन सारवली?"

"काऊन म्हणजे? उद्या पाहुणे येतीन. सुतकाचं घर असंच ठेवतेत का वो?" मग माझ्या तोंडाकडे पाहून, "काय झालं? तुये कागद होते का तिच्यात?"

"आईचा हात होता तिच्यावर."

काकूनं ओले हात लुगड्याला पुसले. मग म्हणाली, "तुयी माय तं दर साली सारवून स्वतःच बुजवे थो हात. मले म्हणे, देवका, तुयं सारवणं म्हणजे म्हशीनं चाटलं."

ती हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

दुपारी माती वाळल्यावर मी मोजमाप घेतलं. नव्या थरातून जुने फराटे थोडे तरी उमटतील, अशी आशा होती. बारीक लाटांत काकूचा उजवा हात दिसला. जरा रुंद लाटांतही तोच. आणखी रुंद केल्या तेव्हा नुसती कणगी उरली. आई कुठेच नव्हती.

चित्रात एकच जागा काळी राहिली. कणगी कोपऱ्यात उजवीकडून भिंतीला टेकलेली होती, आणि डावीकडून तिच्या मागे जाणाऱ्या अरुंद फटीत कॅमेरा मावला नव्हता. काकूचा उजवा हातही तिथे वळला नसणार.

मी डावा हात आत घातला. कोरडी, जुनी माती. चार फराटे, माझ्या बोटांहून किंचित रुंद.

"हर्षा, जेवाले ये माय," काकूनं हाक मारली.

हात बाहेर काढवेना.