आतली कडी

"मारुतीजी, या तो सिगरेट रहेगी, या ये पैर. दोनों साथ नहीं रहेंगे," डॉक्टर म्हणाला. पायाच्या नसा आकसल्या होत्या. झाशीच्या लक्ष्मी गेटपासून घरापर्यंत पोटरी धरून मी तीनदा थांबायचो आणि लोकांना वाटायचं, म्हातारा दुकानं बघतोय. दारूचंही त्याने परस्पर ठरवून टाकलं: आठवड्यातून एकदा, एकच पेग. चौतीस वर्षं मी रेल्वेत गार्ड होतो. आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे, म्हणोत बापडे. मी झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलत नसे, आणि हा कालचा पोरगा मला लाल झेंडी दाखवत होता.

सिगारेट त्याच दिवशी सोडली. लोक म्हणतात, फार त्रास होतो. झाला ना. आठ दिवस दूधवाल्यावर ओरडलो, कामवालीवर ओरडलो, टीव्हीचा रिमोट फेकून फोडला. मग तलफ हळूहळू उतरली, आणि तेव्हा कळलं की खरा त्रास निराळाच आहे.

माझ्या बायकोला, वसुंधराला, सिगारेटचा वास मुळीच खपत नसे. लग्न होऊन भुसावळहून झाशीला आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने कायदा केला. सिगारेट मागच्या गॅलरीत, दार बंद, आणि कडी आतून. मी बाहेर, ती आत. थोड्या वेळाने आतून विचारायची, "झालं का?"

मी म्हणायचो, "झालं."

"चूळ भरा आधी."

गॅलरीत पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असायचा. चूळ भरली की कडी निघायची आणि हातावर बडीशेप पडायची. सदतीस वर्षं हेच. भांडण झालेलं असलं, दिवसभर एकमेकांशी अबोला असला, तरी एवढं बोलणं व्हायचंच.

ती जाऊन तीन वर्षं झाली. तरी घरात मी कधी ओढली नाही. सगळं घर रिकामं, अडवणारं कुणी नाही, आणि मी शहाणा गॅलरीत जाऊन मागे दार ओढून घ्यायचो. सिगारेट संपेपर्यंत वाटायचं, आत कुणीतरी आहे, आता विचारेल. सिगारेट गेली तसं ते वाटणंही गेलं. इतकं एकटं मला ती गेली त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरात माणसं तरी होती.

शनिवारचा सुबोध, माझा जुना दोस्त, तेवढा उरला होता. खंडेराव गेटजवळ राहतो, घराणं पेशव्यांच्या काळापासून झाशीत, त्यामुळे मला "तुम्ही रेल्वेवाले, कालचे" म्हणून डिवचायचा. त्याच्याकडे बसून आम्ही प्यायचो आणि मराठीत बोलायचो. माझं आठवड्याचं मराठी तेवढंच. एका पेगवर आल्यापासून माझा ग्लास पंधरा मिनिटांत रिकामा व्हायचा आणि मी तो उगाच हातात धरून बसायचो. तिसऱ्या शनिवारी सुबोध म्हणाला, "अरे, तुझ्यासमोर प्यायची मला चोरी झालीय." चौथ्या शनिवारी त्याच्याकडे पाहुणे आले होते. पाचव्या शनिवारीही आले होते. मी काय ते समजलो.

त्याच संध्याकाळी मी गॅलरीत गेलो. हातात काहीही नव्हतं. दार ओढून घेतलं आणि उभा राहिलो. पुरेसा वेळ झाला असं वाटल्यावर चूळ भरली आणि आत येऊन बडीशेप खाल्ली. वेडेपणा होता, मला कळत होतं. पण बरं वाटलं, म्हणून रोजच जायला लागलो.

मुग्धा, माझी मुलगी, भोपाळला नोकरी करते. फोनवर तिचा रोजचा प्रश्न ठरलेला: "पापा, नहीं पी ना?" तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडात हिंदीच येतं. सिगारेट सोडल्याला दोन महिने झाले तेव्हा ती एका रविवारी आली. सोमवारी सकाळची परतीची गाडी. आल्या आल्या तिने गॅलरीतला भरलेला तांब्या पाहिला, मग बडीशेपेचा काठोकाठ भरलेला डबा पाहिला. मग दिवसभर माझ्यावर नजर ठेवून होती. संध्याकाळी मी गॅलरीत जाऊन दार ओढलं, तसं ते धाडकन उघडलं.

"पापा, झूठ क्यों बोलते हो आप?"

माझा हात ओढून तिने हुंगला. मग दुसरा हुंगला. वाकून कठड्याच्या कोपऱ्यात थोटूक शोधलं. काही सापडेना, तशी ती आणखी चिडली.

"फिर दरवाज़ा बंद करके यहाँ करते क्या हो?"

हवा खातो, असं सांगता आलं असतं. पण चोरी न करता चोर ठरायची माझी तयारी नव्हती.

"तुझी आई आतून विचारायची ना, झालं का म्हणून," मी म्हणालो. "त्याची वाट बघतो."

बोलून गेलो आणि लाज वाटली. मुग्धा आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मला वाटलं, रागावली.

तेवढ्यात कडी लागली. रोज झोपताना ती मीच लावतो. पण मी बाहेर उभा असताना कडीचा आवाज तीन वर्षांत ऐकला नव्हता. कठडा धरून उभा राहिलो. किती वेळ उभं राहायचं तेही कळेना. हातात सिगारेट नसली की अंदाज येत नाही.

शेवटी आतून आवाज आला, मराठीत, चाचपडत.

"झालं का?"

"झालं."

कडी निघाली नाही.

"पहिले चूळ भरा."

मी तांब्या उचलला आणि तोंडात पाणी घेतलं. सकाळी तिची गाडी होती. चूळ टाकली की दार उघडणार, म्हणून पाणी तसंच तोंडात धरून मी उभा राहिलो.